लाल ठिपक्याचा पेला

आमच्या कचेरीत पाण्याच्या पिंपाशेजारी स्टीलचे पेले उपडे घालून ठेवलेले असत. पंचवीस-तीस पेले, सगळे सारखे, एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले. मी त्या वेळी कँटीन समितीचा चिटणीस होतो, त्यामुळे त्यांचे बिलही मला आठवते. त्यांतल्या एका पेल्याच्या बुडाला १९९८ च्या सप्टेंबरात एक लाल ठिपका उमटला. ऑइलपेंटचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. सूचनाफलकावर काही लागले नाही, कोणी कोणाला काही सांगितले नाही. तरी दोन दिवसांत सगळ्या सेक्शनला कळले, की हा पेला अण्णांचा.

अण्णा हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. कचेरीचे नाव सांगण्यातही हशील नाही. फोर्टातली जुनी इमारत, उंच छत, लांब दांडीचे पंखे आणि फायलींचा वास, एवढे सांगितले की निम्म्या मुंबईला आपापली कचेरी डोळ्यांपुढे दिसेल. अण्णा आमचे हेडक्लार्क. मूळचे सावंतवाडीकडचे, राहायला डोंबिवलीला. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. त्या ऑगस्टात स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाची सांगता म्हणून युनियनने रक्तदान शिबिर भरवले. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदाच रक्त दिले. बिस्किटे खाल्ली, कॉफी घेतली, प्रमाणपत्र घडी न करता फायलीत ठेवले. तीन आठवड्यांनी रक्तपेढीचे पत्र आले. फॉर्मवर अण्णांनी पत्ता कचेरीचा लिहिला होता. त्यामुळे ते पत्र रीतसर आवकच्या टेबलावर गेले, रीतसर फोडले गेले आणि त्याच्यावर तारखेचा शिक्काही पडला. अण्णांच्या हाती येईपर्यंत ते किमान चौघांनी वाचले होते. मजकूर दोन ओळींचा. 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह. आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.'

अण्णा कधी गोव्याच्या पलीकडे गेलेले नव्हते. त्यामुळे पहिला दिवस थट्टेत गेला. 'अण्णा, ऑस्ट्रेलियाची टूर परस्पर केलीत वाटतं?' असे विचारणाऱ्यांत मीही होतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी आपल्या डॉक्टरांना विचारून आले. ही ब प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी. थट्टा थांबली, आणि तिच्याबरोबर बोलणेही.

त्या नावामागची हकिगत पुढे मी मुद्दाम शोधून वाचली. बरूच ब्लुमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६० च्या दशकात निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्ताचा अभ्यास करत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले, म्हणून त्याचे नाव ऑस्ट्रेलिया अँटिजेन. ते काविळीच्या एका विषाणूचे बाह्य आवरण आहे हे नंतर उलगडले. १९७६ साली त्यांना नोबेल मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. शोध एवढा मोठा, पण आमच्या सेक्शनमध्ये त्याचा पहिला परिणाम झाला तो अळूवडीवर.

अण्णांच्या पत्नीच्या हातच्या अळूवड्या आमच्याकडे प्रसिद्ध होत्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी त्या डब्यातून यायच्या आणि डबा उघडताक्षणी संपायच्या. पत्र आले त्यानंतरच्या गुरुवारी अण्णांनी डबा उघडून मधे ठेवला. कोणी म्हणाले पोट बरे नाही, कोणी म्हणाले उपास आहे. एकाचा तर चातुर्मास एकाएकी सुरू झाला. अण्णांनी एक वडी खाल्ली, झाकण लावले आणि डबा परत पिशवीत ठेवला. पुढच्या सोमवारपासून ते आपल्या टेबलावरच जेवू लागले. आम्ही कोणी त्यांना बोलावले नाही. कँटीनच्या पोऱ्याने त्यांचा कप आपण होऊनच वेगळा केला होता. पेल्यावरचा ठिपका त्यानंतरचा.

आम्ही दुष्ट होतो असे नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलैत, आमच्या कचेरीत काविळीची साथ आली होती. गच्चीवरच्या टाकीचे झाकण फुटले होते आणि शेजारून सांडपाण्याचा नळ गळत होता. सात माणसे आडवी झाली. त्या वेळी आम्ही काय केले नाही? पाळीपाळीने घरी जाऊन उसाचा रस पोचवला. एकाला कर्जतजवळ माळ घालायला नेले. ती काविळीची माळ डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर उतरत जाते आणि तिच्याबरोबर आजारही उतरतो, अशी समजूत. (काड्या वाळल्या की दोऱ्याचे वेढे सैल पडतात आणि माळ लांबते, एवढेच त्यात असते. पण ज्या काविळीसाठी ती घालतात ती बहुतेक वेळा आपोआपच बरी होते, म्हणून माळेची कीर्ती टिकून आहे.) ती सात माणसे कामावर परत आली तेव्हा डोळ्यांत पिवळेपणा होता. तरी ती त्याच पिंपातले पाणी त्याच पेल्यांनी प्याली, आमच्या डब्यांत हात घालून जेवली. कोणाच्या मनात किंतु आला नाही.

आता गंमत पाहा. पेल्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातातून पसरू शकते ती कावीळ त्या सातजणांना झालेली. अण्णांच्या रक्तात होती ती पेल्यातून पसरूच शकत नाही. जिथे जपायला हवे होते तिथे आम्ही निर्धास्त राहिलो आणि जिथे जपण्यासारखे काहीच नव्हते तिथे पेला वेगळा केला.

याचे एक कारण आपल्या भाषेतच आहे, असे मला वाटते. कावीळ हा आपल्याकडे एकच शब्द, आणि वास्तविक ते लक्षणाचे नाव. त्या शब्दाखाली पाच निरनिराळे विषाणू मुक्कामाला आहेत. त्यांतले अ आणि ई हे पाण्याचे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात नजफगढ नाल्याची घाण शिरली आणि सुमारे २९,००० माणसांना कावीळ झाली. ती साथ ई ची होती हे साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कितीतरी वर्षांनी कळले. आपल्या इचलकरंजीत २०१२ साली माणसे दगावली तीही याच ई ने. ब, क आणि ड हे रक्ताचे. दूषित सुई, न तपासलेले रक्त, एकमेकांचे वस्तरे, शरीरसंबंध आणि बाळंतपणात आईकडून बाळाला, हे त्यांचे रस्ते. एका ताटात जेवून, एका पेल्यातून पाणी पिऊन, हात हातात घेऊन, खोकल्यातून किंवा एकच संडास वापरून ते पसरत नाहीत. पण शब्द एकच असल्यामुळे आम्ही पाण्याच्या काविळीची पथ्ये रक्ताच्या काविळीला लावली. काविळीच्या रोग्याला जग पिवळे दिसते म्हणतात. इथे रोगी नीट पाहत होता, पिवळे दिसत होते ते आम्हाला.

त्यात बाहेरच्या हवेची भर पडली. तो लशीच्या शिबिरांचा काळ होता. १९९७ साली हैदराबादेत पहिली देशी बनावटीची हिपॅटायटिस बी ची लस तयार झाली आणि जी लस परदेशी होती तोवर शेकडो रुपयांना पडत होती ती आवाक्यात आली. ही चांगलीच गोष्ट. पण गल्लोगल्ली मंडळांची शिबिरे लागली आणि त्यांचे फलक मला अजून आठवतात: 'एड्सपेक्षा शंभरपट संसर्गजन्य!' ते वाक्य तसे खोटे नव्हे. दूषित सुई टोचली तर ब चा धोका एचआयव्हीपेक्षा खरोखरच कैक पटींनी जास्त असतो. पण 'सुई टोचली तर' हे शब्द फलकावर नसत. चर्चगेटला उतरून कचेरीत येणाऱ्या माणसाच्या मनात 'शंभरपट' तेवढे राही, आणि समोर अण्णांचा चहाचा कप दिसे.

गैरसमज दूर व्हावा म्हणून साहेबांनी एका डॉक्टरांचे व्याख्यान ठेवले. डॉक्टर भले गृहस्थ होते. पडद्यावर चित्रे दाखवत पाऊण तास बोलले. त्यांतली चाळीस मिनिटे हा रोग कसा पसरतो यावर, आणि कसा पसरत नाही यावर जेमतेम पाच. अण्णा मागच्या रांगेत बसले होते. व्याख्यान संपल्यावर जिन्यातच मला ते वाक्य ऐकू आले: 'अण्णा ऑडिटला दर सहा महिन्यांनी नागपूरला जायचे, नाही का? चार-चार दिवस.'

म्हणजे ज्ञान वाढले होते. आदल्या दिवशीपर्यंत अण्णा नुसते आजारी होते. व्याख्यानानंतर ते संशयित झाले.

हे मला फार उशिरा उमगले आणि या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. अज्ञानामुळे माणसे रोग्याला दूर ठेवतात आणि माहिती दिली की जवळ घेतात, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. जपानात नोकरदारांच्या पाहण्या झाल्या त्यांतही या आजाराची माहिती ज्यांना अधिक, त्यांच्यात सहकाऱ्याविषयीचा पूर्वग्रह कमी असे दिसून आले. पण माहिती कोणती? आमच्या सेक्शनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले एक गृहस्थ होते. विषाणूचा आकार ते सांगू शकत. अण्णांच्या टेबलावरची फाइल उचलण्याआधी तिच्याखाली जुना कागद धरणारेही तेच. उलट आमच्या टेलिफोन ऑपरेटर बाई जेमतेम मॅट्रिक. अण्णांबरोबर जेवणे त्यांनी एक दिवसही सोडले नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, 'आमचा दादा म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे. वीस वर्षं अशा पेशंटांच्या चादरी बदलतोय, त्यांच्याशेजारी बसून चहा पितोय. त्याला सुईची भीती वाटते हो, बशीची नाही वाटत.' कसा पसरत नाही, हे बाईंना पक्के ठाऊक होते. बाकी त्यांना काही माहीत नसले तरी अण्णांचे अडले नाही.

आता त्या नागपूरच्या दौऱ्याविषयी. ब चा विषाणू धडधाकट मोठ्या माणसाच्या शरीरात शिरला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचे शरीर त्याला काही महिन्यांत हुसकून लावते. जन्मताना किंवा तान्हेपणी शिरला तर मात्र नव्वद टक्के वेळा तो कायमचा वस्तीला राहतो. म्हणून पन्नाशीच्या माणसाच्या रक्तात तो कायमचा सापडला, की बहुधा आईच्या कुशीतून नाही तर बालपणीच्या एखाद्या इंजेक्शनातून आलेला असतो. अण्णांच्या थोरल्या भावाचे १९८९ साली पोटात पाणी होऊन निधन झाले होते. यकृत कामातून गेले होते. गावाने दारूचे नाव घेतले. त्या भावाने दारूचा थेंब कधी घेतला नव्हता, असे अण्णा पोटतिडकीने सांगत आणि आम्ही मनात हसत असू. दोन भाऊ, एक आई. खात्रीने कोण सांगणार? पण हिशेब जुळतो.

आणि इंजेक्शनांचे म्हणाल तर आमची सगळी पिढी काचेच्या पिचकारीवर वाढली. डॉक्टरांकडे स्टोव्हवर पातेले असे, त्यात सुया कमीअधिक उकळत. जपानमध्ये शाळकरी मुलांना सामूहिक लसीकरणात एकाच सुईने आणि पिचकारीने टोचत गेल्यामुळे लाखोंना ब ची लागण झाली. हे प्रकार १९४८ पासून १९८८ पर्यंत चालले. २००६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारची जबाबदारी मान्य केली आणि २०१२ पासून भरपाईचा कायदा आला. आपल्या शेजारी गुजरातेत, मोडासा इथे, २००९ साली वापरलेल्याच सुया-पिचकाऱ्या पुन्हा वापरल्याने ब ची साथ उसळली आणि माणसे मेली. नागपूरच्या ऑडिटपेक्षा आपल्या लहानपणच्या डॉक्टरांचे पातेले अधिक संशयास्पद आहे, हे जिन्यात कोणी बोलले नाही.

हे आमच्याच कचेरीत घडले असे समजायचे कारण नाही. चीनमध्ये ब चे वाहक एके काळी बारा कोटींच्या घरात होते आणि सरकारी नोकरीची दारे त्यांना बंद होती. २००३ साली आन्हुई प्रांतातल्या वूहू शहरात एक तरुण परीक्षेत पहिला आला. रक्ततपासणीत नापास ठरला. तो कोर्टात गेला. २००४ च्या एप्रिलमध्ये त्याला नाकारणे निराधार होते असा निकाल लागला, नोकरी मात्र मिळाली नाही. पण त्या खटल्याने एवढी खळबळ उडाली की पुढे नियम बदलले आणि २०१० साली नोकरीसाठी व शाळाप्रवेशासाठी ही तपासणी करायलाच बंदी आली. आपल्या रत्नागिरीच्या पोरांना आखाती देशांत जाताना अजूनही या तपासणीला तोंड द्यावे लागते. पॉझिटिव्ह निघाला की अनफिट, मग माणूस कितीही धट्टाकट्टा असो. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एका एचआयव्हीबाधित कामगाराच्या प्रकरणात सांगितले होते, की माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि इतरांना धोका नसेल तर केवळ त्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही. पुढे २०१७ साली एचआयव्हीबाबत तसा कायदाही झाला. ब आणि क काविळीच्या माणसांसाठी मात्र असा वेगळा कायदा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात ब चे रुग्ण सुमारे २ कोटी ९८ लाख होते. इतकी माणसे कुठेतरी नोकऱ्या करतात, कुठेतरी डबा खातात. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नसते, म्हणून त्यांचे पेले वेगळे झालेले नाहीत.

अण्णांना कोणी काढले नाही, छळले नाही. कागदावर दाखवता येईल असे काहीच घडले नाही. त्यांनी पत्नीची आणि मुलांची तपासणी करून घेतली, सगळे निगेटिव्ह निघाले, सहा महिन्यांत तिघांच्या लशीचे तीन-तीन डोस झाले. मग २००० च्या एप्रिलमध्ये अण्णांनी स्वतःच अर्ज करून रेकॉर्ड रूममध्ये बदली मागितली. हेडक्लार्क माणूस रेकॉर्ड रूममध्ये मागून जातो असे कधी होत नाही. साहेबांनी कारण विचारले नाही. आम्ही निरोपाला पेढे वाटले. ते मात्र सगळ्यांनी खाल्ले, हलवायाच्या खोक्यातून आले होते.

नंतर काही वर्षांनी वारे थोडे फिरले. आपल्यालाही ब प्रकारची कावीळ आहे, १९८२ साली 'कुली'च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून ती आली आणि यकृताचा पाऊण भाग निकामी झाला, असे अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना या आजाराविषयीचे सदिच्छादूत नेमले. कचेरीत जिन्यातला तोच आवाज एक दिवस म्हणाला, 'अहो, आपल्या अण्णांना होतं तेच अमिताभला आहे.' अमिताभ बच्चनबरोबर जेवायला बसण्याची संधी आली असती तर पेला कोणी वेगळा मागितला नसता. पण तोवर अण्णा निवृत्त झाले होते.

गेल्या पावसाळ्यात मी डोंबिवलीला त्यांच्याकडे गेलो. पंचाहत्तरीकडे झुकलेले, पण तब्येत ठणठणीत. बरीच वर्षे नुसत्या तपासण्यांवर भागले, पुढे डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली. विषाणू जात नाही, पण दबून राहतो. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ब आणि क ची औषधे फुकट मिळतात, आणि क तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पुरता बरा होतो, हेही त्यांनीच मला सांगितले. आता गल्लीत कोणाला काविळीचे काही निघाले की माणसे अण्णांकडे येतात. ते आधी विचारतात, 'अक्षर कोणतं?'

वहिनींनी अळूवड्या केल्या होत्या. मी सहा खाल्ल्या. त्या तांदूळ मोजत होत्या तेव्हा त्यांच्या हातात मला तो पेला दिसला. ठिपका अर्धा खरवडला गेला होता, तरी ओळखू आला. माझी नजर अण्णांनी पाहिली. म्हणाले, 'रिटायर झालो त्या दिवशी घेऊन आलो. तिथं तसाही कुणी वापरला नसता. उगीच वाया कशाला घालवा?' आणि ते पावसाचे बोलू लागले.

त्या ठिपक्यासाठी शिपायाला ऑइलपेंट आणायला चिटणीस या नात्याने मी पैसे दिले होते. कुठे लावायचा, तेही मीच सांगितले होते. डोंबिवलीहून निघेपर्यंत मला हे बोलणे जमले नाही. रविवारचा हा अंक अण्णा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.